पंपाचं बटण शेजारच्या पडवीत

२ जून, सोमवार. कालपासून मासेमारीला बंदी लागली, म्हणजे दोन महिने आमचा बर्फाचा कारखानाही बंद. सकाळपासून दोन बायका आणि मी डबे घासत बसलो आहोत. बर्फाची लादी जमते ते हे उभे पत्र्याचे डबे. वर्षभर मिठाच्या पाण्यात बुडून असतात, त्यामुळे बाहेरून गंजतात. तारेच्या घासणीने गंज काढायचा, धुवायचे, वाळवायचे आणि रंग द्यायचा. काम कंटाळवाणं आहे, पण डोकं मोकळं राहतं. आज मला ते हवंच होतं. उद्या सकाळी वायरमन येणार आहे आणि त्याला काय सांगायचं हे अजून ठरलेलं नाही.

आमच्या विहिरीवरच्या पंपाचं बटण कारखान्यात नाही. ते कुंपणापलीकडे, सुपारीच्या वाडीत राहणाऱ्या काकूंच्या पडवीत आहे. त्यांनी दाबलं तर आम्हाला पाणी, नाही दाबलं तर नाही. असा कारखाना दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही. हे सरांनी करून ठेवलं. सर जानेवारीत गेले. आता मालक म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. ते ठाण्याला असतात. शनिवारी त्यांचा फोन आला.

"मॅडम, ते बटण बंदीच्या दिवसांत आत आणून घ्या. वायर नाहीतरी बदलायचीच आहे ना?"

वायर खरंच बदलायची आहे. खाऱ्या वाऱ्याने ती ठिकठिकाणी उघडी पडली आहे. पण बटण आत आलं की पुढच्या मे महिन्यात पंप किती वेळ चालवायचा ते आम्ही ठरवणार, आणि काकूंच्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, तगतात की करपतात ते त्यावर ठरणार. समुद्राजवळच्या विहिरी अशाच असतात. वर गोड्या पाण्याचा पातळ थर आणि खाली खारं पाणी. उन्हाळ्यात फार उपसा केला की खालचं वर चढतं, पाणी मचूळ लागायला लागतं. तेच वाडीला शिपलं की पोफळीची पानं टोकाकडून जळत येतात. आमची विहीर वेगळी, काकूंची वेगळी. पाणी मात्र एकच.

मी इथे हिशेब लिहायला लागले तेव्हा सर मुंबईच्या कॉलेजातली नोकरी सोडून नुकतेच आले होते. वडिलांमागे कारखाना दोघा भावांकडे आला आणि चालवायला कुणी नव्हतं. कॉलेजात ते व्यवस्थापन शिकवायचे. त्यातही उद्योगधंद्यांची सामाजिक जबाबदारी हा त्यांचा खास विषय. त्यावर त्यांनी जन्मभर व्याख्यानं दिली होती, पण कारखाना म्हणून जी चीज असते ती बाहेरूनच पाहिलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, अमोनियाचा वास कुठपर्यंत जातो?"

मी म्हटलं, "कारखान्यात थोडा येतो."

"ते नाही विचारलं. बाहेर कुठपर्यंत जातो?"

मग आम्ही दोघं वास घेत घेत रस्त्याने चालत गेलो. वारा दक्षिणेचा होता. मारुतीच्या देवळापाशी सरांनी थांबून नाक वर केलं आणि म्हणाले, "इथपर्यंत आपला कारखाना आहे." कुंपण देवळाच्या बरंच अलीकडे संपतं. नवीन मालकाच्या डोक्यात काहीतरी गडबड आहे असं तेव्हा माझं मत झालं. ते पुढे फारसं बदललं नाही, फक्त गडबड कसली आहे ते कळत गेलं.

दिसायला ते कुठल्याही कॉलेजातल्या प्राध्यापकासारखे होते, एक टोपी सोडून. त्यांना थंडीचा त्रास होता आणि धंदा मिळाला बर्फाचा. त्यामुळे वैशाखातसुद्धा ते माकडटोपी घालून असायचे. लादी काढायच्या खोलीतून बाहेर पडले तरी टोपी काढायचं लक्षात राहायचं नाही. धक्क्यावर उन्हात माणसं उघडीवाघडी घामाने निथळतायत आणि सर माकडटोपीत, असं रोजचं चित्र. नवीन माणसं हसायची. गावाला सवय झाली होती.

दुसरी सवय गुण देण्याची. कुणी तक्रार घेऊन आलं की पूर्ण ऐकून घ्यायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. मासे विकणाऱ्या जनाबाईला एकदा नऊ मिळाले होते. ती तावातावाने आली होती. "मास्तर, लादी घाईनं काढता तुमी. आतमंदी पानी ऱ्हातं. पाटीत फोडली का निम्मं पानी आन् निम्मा बरफ. आमी काय पानी इकत घ्यायला येतो काय? पानी तर दर्यात बी हाय."

सर म्हणाले, "नऊ."

"काय नऊ?"

"दहापैकी. कारण सांगितलंत, परिणाम सांगितलात, वर टोमणा मारलात. एक गुण कापला, कारण लादी सोबत आणली नाहीत."

जनाबाई दुसऱ्या दिवशी पोकळ लादी डोक्यावर घेऊन आली आणि ती विरघळेपर्यंत एका गुणासाठी भांडली. मिळाला नाही. पण त्यानंतर लाद्या पुऱ्या जमल्याशिवाय काढणं बंद झालं, आणि जनाबाई बाजारात इतर बायकांना "मला नऊ हायत" असं सांगत असे.

त्यांच्या विषयातलं मला जे काही कळतं ते त्यांच्याच तोंडून, चार वाजताच्या चहाला. आधी ते नेहमी विरुद्ध बाजू मांडायचे. "धंद्याचं काम नफा मिळवणं. कायदा पाळायचा, कर भरायचा, मालकाला नफा द्यायचा. बाकी समाजाचं बघायला सरकार आहे. बर्फवाल्याने शाळा काढली तर शाळाही बिघडेल आणि बर्फही. ही उपपत्ती मूर्खपणाची नाही, बाई. माझा भाऊ तीच मानतो, फक्त त्याला ती मांडता येत नाही."

दुसरी म्हणजे दानधर्म. नफा हवा तसा कमवायचा आणि त्यातला थोडा वाटायचा. हिच्यावर त्यांचा खरा राग होता. पलीकडच्या तालुक्यात एका कंपनीने शाळेत दप्तरं वाटली, त्यावर कंपनीचं नाव ठसठशीत. सर म्हणाले, "पोरांच्या पाठीवर जाहिरात लावलीय. भाडं द्यायला हवं त्यांनी पोरांना." लाभार्थी हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "लाभ होणाऱ्यांची नावं सगळे लिहून ठेवतात. त्रास होणाऱ्यांची कोण लिहितं?"

तिसरी त्यांची स्वतःची, म्हणजे त्यांनी मानलेली. आपल्या धंद्याचा ज्याच्यावर परिणाम होतो, त्याचा धंद्यात वाटा असतो. पैसे गुंतवलेले नसले तरी. मी विचारलं होतं, "आणि सगळ्यांचं एकमेकांच्या उलट असलं तर?" त्यांनी चहात आणखी साखर घातली. "परीक्षेत हा प्रश्न मी कधी घातला नाही," म्हणाले. "उत्तर तपासता आलं नसतं."

गणपतीच्या मंडळाची माणसं वर्गणीला आली की सर अट घालायचे, आधी कारखान्याचा एक त्रास सांगा. मंडळाचा अध्यक्ष बिचारा गोंधळायचा. वर्गणी मागायला आलेला माणूस गोड बोलायच्या तयारीने येतो. पहिल्या वर्षी त्याने फार विचार करून सांगितलं, "बर्फ जरा जास्तच गार असतो."

"ही तक्रार नाही, स्तुती आहे. पुढे."

शेवटी एकाने मशीनचा आवाज रात्री आजारी आईला सहन होत नाही असं सांगितलं. ते खरं होतं. वर्गणी मिळाली, मशीनखाली रबराचे तुकडेही आले. मांडवात मात्र आमचं नाव लावायला त्यांनी मनाई केली, त्यामुळे गावाला वाटायचं की कारखान्याने काही दिलंच नाही. ते मला सगळ्यांना सांगत बसावं लागायचं.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला ते सभा घ्यायचे. भागीदारांची सभा होते तशी, फक्त उलटी. मालकांनी यायचं आणि गप्प बसायचं. बोलायचं ते बाकीच्यांनी. सभा नेहमी भांगाच्या दिवसांत ठेवायचे, म्हणजे भरतीला जोर नसतो आणि होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हा. "उधाणात सभा ठेवली तर कोळी येणार नाहीत आणि आपण म्हणू की कुणाची हरकत नाही. मोठ्या कंपन्यांना तारीख बरोबर कळते." धाकटे भाऊ ठाण्याहून यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि तोंड उघडायची परवानगी नसल्यामुळे सुपारी चघळायचे. ती काकूंच्या वाडीतलीच असायची.

काकूंबद्दल सांगायला हवं. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला नोकरीत. वाडी त्यांनी एकटीने सांभाळली. बोलणं मोजकं आणि धारेचं. सभेत त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. कुंपणाच्या त्यांच्या बाजूला उभ्या राहून बोलायच्या.

बटण पडवीत गेलं त्या वर्षी पाऊस लवकर गेला होता आणि एप्रिलातच पाणी मचूळ झालं होतं. सर म्हणाले, मे महिन्यात पंप अर्धाच वेळ चालवावा का, सांगा. बोटवाले रऊफचाचा आधी बोलले. "मास्तर, मे म्हणजे आमचा हंगामाचा शेवट. त्यानंतर दोन महिने बोट कोरडी. आता बर्फ नाही मिळाला तर खलाशांना काय बोलू? नमाज पढा आणि घरी बसा?" जनाबाई म्हणाली, बर्फाशिवाय मासळी दुपारपर्यंत टिकत नाही. बाकीचेही तेच म्हणाले. हात वर करायला सांगितल्यावर सगळे हात वर झाले. काकूंचा तेवढा नाही.

सर काकूंकडे वळले. "तुमचं म्हणणं सविस्तर सांगा. आम्ही ऐकतोय."

"गेल्या वर्षीही ऐकलंत," काकू म्हणाल्या. "त्याच्या आधीही. छान ऐकता तुम्ही. मान हलवता, मला आठ गुण देता, आणि दुसऱ्या दिवशी पंप सुरू करता. ऐकायला काय जातं तुमचं? बटण तुमच्याकडे आहे."

सभेत कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. गुणही दिले नाहीत. सभा संपल्यावर टोपी काढून हातात घेऊन बसले होते, आणि डोक्यावरचे उरलेसुरले केस घामाने चिकटले होते. मला वाटलं, आता दोन दिवसांत विसरतील. आठवड्याने वायरमन आला आणि मशीनखोलीतलं पंपाचं बटण काढून कुंपणावरून काकूंच्या पडवीत नेऊन बसवलं.

मी विरोध केला. लेखी नाही, तोंडी, पण स्पष्ट. म्हटलं, "सर, त्यांना मत द्या, पाण्याचे दिवस ठरवून द्या. बटण कसलं देताय?"

"मत दिलं होतं, बाई. बघितलंत ना काय झालं त्याचं."

"निदान एक बटण इथेही ठेवा."

"मग तिथलं खोटं."

भाऊ ठाण्याहून फोनवर इतक्या मोठ्याने बोलले की फोन टेबलावर ठेवूनही मला ऐकू येत होतं. रऊफचाचांनी धक्क्यावर जाहीर केलं, "दुनियेतला पहिला कारखाना, ज्याची सासू कुंपणापलीकडे राहते."

सासू सुरुवातीला कडक निघाली. काकू सकाळी स्वतःच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायच्या, मग ठरवायच्या. पहिल्या मे महिन्यात आमचा बर्फ जेमतेम निम्मा झाला. दोन बोटवाले पलीकडच्या बंदरातून बर्फ आणायला लागले. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. मी हे सरांना अधूनमधून सांगत असे. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "ही किंमत आधीही होतीच. फक्त काकू भरत होत्या."

एक मात्र झालं जे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, सरांच्यासुद्धा. बर्फ मिळाला नाही की लोक कारखान्यात येईनासे झाले. ते सरळ काकूंच्या पडवीत जायला लागले. पहिली जनाबाई गेली, रिकामी पाटी घेऊन.

"काकू, तुजी सुपारी सोन्याची हाय काय?"

"तुझी मासळी चांदीची आहे का?"

"माजी मासली उद्याला न्हाय टिकत. तुजी सुपारी वर्सभर टिकतं."

"सुपारी टिकते. झाड गेलं तर पुन्हा उभं राहायला किती वर्षं लागतात, माहीत आहे? तोवर मी असेन का?"

"तू मरत न्हाय लवकर," जनाबाई म्हणाली आणि पायरीवर बसली. ती उठेना, म्हणून काकूंनी चहा टाकला. मी कुंपणाशी होते, सगळं ऐकलं. चहा पिऊन झाल्यावर काकूंनी बटण दाबलं. थोड्या वेळाने बंद केलं. जनाबाईने त्या दोन्ही वेळांमध्ये आपला जावई किती आळशी आहे हे सांगून घेतलं.

मग आलं ते लग्न. काकूंच्या पुतण्याचं लग्न पेणला होतं. सकाळी लवकर निघायचं म्हणून त्यांनी बटण बंद ठेवलं, पडवीच्या जाळीला सवयीने कुलूप लावलं आणि एसटीत बसल्या. घराबाहेर जाताना कुलूप लावायचं हे त्यांच्या हाताला माहीत. आपण घराबरोबर एक कारखानाही कुलपात ठेवलाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि एवढा मोठा बदल करताना ही शक्यता आमच्या प्राध्यापकांच्याही लक्षात आली नव्हती. नेमक्या त्याच दिवशी रऊफचाचांची बोट भरून आली. लाद्या जमल्या होत्या, पण डबा पाण्यात बुडवल्याशिवाय लादी सुटत नाही आणि टाकीत थेंब नव्हता. चाचांचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, कुलूप एका दगडाचं आहे.

सर जाळीसमोर जाऊन उभे राहिले. माकडटोपी, हातात छत्री. "कुलूप तोडायचं नाही."

"मास्तर, मासळी कुजेल."

"कुजेल. पण कुलूप तोडलं तर बटण त्यांना दिलं होतं असं मला पुन्हा म्हणता येणार नाही."

रऊफचाचा मला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा ना यांना काहीतरी." मी सांगण्यापलीकडचं केलं. पेणला फोन लावला. मंगलाष्टकं चालू होती. काकूंनी एवढंच विचारलं, "बोट कुणाची?" आणि फोन ठेवला. दुपारी त्या भाड्याच्या गाडीतून उतरल्या. पैठणी, केसात अक्षता, जेवण झालेलं नाही. पायऱ्यांवर खलाशी बसले होते, त्यांच्यातून वाट काढत गेल्या, कुलूप उघडलं, बटण दाबलं आणि वळून म्हणाल्या, "मला सांगून येतात का बोटी?"

"तू तरी सांगून जातं काय?" जनाबाई मागून म्हणाली.

काकू केसातल्या अक्षता झटकत आत गेल्या. त्या दिवसाची बरीच मासळी वाचली, सगळी नाही. पण दुसऱ्या दिवसापासून काकू बाजाराला निघाल्या तरी आमच्या फाटकाशी थांबून सांगायला लागल्या, "श्रीवर्धनला चाललेय, जेवायच्या वेळेला परत." सकाळी धक्क्यावर चक्कर मारून किती बोटी येणार ते विचारू लागल्या. आयुष्यात कुणाला जाब न दिलेली बाई. सर तिच्याकडे बघत राहायचे, परीक्षानळीत काहीतरी उकळताना बघावं तसे.

नंतरच्या एका वर्षी, हंगामाच्या अगदी शेवटी, मासळी अशी आली की धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. पाणी तेव्हा मचूळ झालेलंच होतं. काकू बटण बंद करतील असं धरून मी बोटवाल्यांना दुसरीकडे बघायला सांगितलं होतं. पंप चालू राहिला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. जूनमध्ये वाडीतली खाडीच्या बाजूची पोफळींची सगळी ओळ करपली. सर बघायला गेले, मीही गेले. त्यांनी विचारलं, "कुणी जबरदस्ती केली का तुम्हाला?"

"जबरदस्ती कोण करणार मला?"

"मग का चालू ठेवलंत?"

"बटण माझ्याकडे होतं ना," काकू म्हणाल्या.

मला हे असलं पटत नाही. ओळच्या ओळ मरते आणि दोन शहाणी माणसं एकमेकांकडे आदराने बघत उभी राहतात, याने पाणी वाढत नाही. परत येताना मी सरांना म्हटलं, कारखान्याच्या पत्र्यावर चार महिने एवढं पाणी पडतं ते सगळं खाडीत जातं, एक मोठी टाकी बांधू.

"हे माझ्या विषयात बसत नाही, बाई."

"पाण्यात बसतं," मी म्हटलं.

टाकी बांधली. अर्धा मे महिना त्यावर निघतो. उरलेला अर्धा आहेच, आणि तो पडवीतूनच चालतो. गेली काही वर्षं असं चाललंय की वाडी पूर्ण मेली नाही आणि कारखाना पूर्ण बंद पडला नाही. दोघांचंही थोडं थोडं नुकसान होतं. सरांना ते यश वाटायचं. भावांना तो वेडेपणा वाटतो. मी दोन्ही बाजूंचे हिशेब लिहिले आहेत, आणि हिशेबावरून कोण बरोबर ते कळत नाही.

आज दुपारी डबे सोडून मी काकूंकडे गेले. वायरमन येणार आहे, भावांनी काय सांगितलंय, सगळं सरळ सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर धरून. खांदा धरलाय म्हणाल्या, वर्ष होत आलं, हात वर जात नाही. बटण भिंतीवर उंच बसवलेलं आहे. तेव्हा सरांच्या उंचीने बसवलं गेलं. हल्ली त्या काठीच्या टोकाने दाबतात.

"घेऊन जा गं ते," म्हणाल्या. "मुलगा म्हणतो वाडी विकून पुण्याला ये. मी गेले नाही ती या पोफळींसाठी. पण तुमच्या बोटींची काळजी मी कशाला वाहू? समुद्राकडे बघितलं की आधी होड्या मोजते. पूर्वी सूर्यास्त बघायचे."

"आत नेलं तर वाडीचं काय होईल?"

"तू आहेस ना. तू काय मुद्दाम माझी झाडं मारशील?"

मी चहा पिऊन परत आले. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे आणि त्याच्यासाठी कुठलीही उपपत्ती लागत नाही. मुद्दाम नाही मारणार. धक्क्यावर बोट लागलेली असेल, रऊफचाचा दारात उभे असतील, ठाण्याहून फोन येत असेल, आणि माझा पगार बर्फावर आहे. मी थोडा वेळ म्हणून बटण दाबीन. मग आणखी थोडा वेळ. काकूंच्या घरी जाऊन दिलगिरीही व्यक्त करीन. चांगल्या शब्दांत.

३ जून. वायरमन आठला आला. जुनी वायर काढून नवी घातली, कुंपणावरून पडवीपर्यंत, या वेळी पाइपातून. बटण तिथेच ठेवलं. फक्त भिंतीवरून खाली घ्यायला लावलं, काकूंना झोपाळ्यावरून उठून हात न उचलता दाबता येईल इतकं. काकू म्हणाल्या, "मी घेऊन जा म्हटलं होतं तुला. रात्री झोप लागत नाही मला याच्यापायी."

मी म्हटलं, "नाही लागली तर नाही लागली. मला फार छान लागेल, म्हणून तर मी नेत नाही."

ठाण्याला फोन केला. वायर बदलली, बटण पडवीतच आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, मग मला तुमच्याबद्दल विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा, ऑगस्टच्या आधी कळवा, म्हणजे नव्या माणसाला डब्यांचं काम समजावून देता येईल. त्यांनी फोन ठेवला.

मग कुंपणाशी जाऊन हाक मारली. "काकू, पंप लावता का? डबे धुवायचेत."

"पावसाच्या टाकीतलं संपलं?"

"केव्हाच."

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

"अर्धा तास देईन," त्या म्हणाल्या. पंप सुरू झाला. मी पदर खोचला आणि बायकांना म्हटलं, चला, हात उचला, अर्धाच तास आहे.